धंदा तिघांचा, सही कुणाची?

कॅन्टीनमध्ये सुरू झालेला उद्योग कायद्याच्या नजरेत ‘फर्म’ कधी होतो, हे तो सुरू करणाऱ्यांनाच बहुतेक वेळा माहीत नसतं. तुमचा धंदा नक्की कुणाचा, हे ठरवण्याचे मार्ग कोणते? आणि ते कागदावर नीट उतरवून देणारा ‘पॅरालीगल’ हा माणूस कोण?

समजा, तुम्ही तिघं आहात. डिझाइनवर तुमचा हात बसलेला. मैत्रीण बोलायला पक्की, त्यामुळे इन्स्टा पेज आणि ऑर्डरी तिच्याकडे. तिसऱ्या मित्राच्या आईनं साठवलेले ६० हजार रुपये दिले आणि त्यातून टी-शर्टवर प्रिंट मारायचं मशीन आलं. मशीन त्याच्या घरी, गॅलरीत. सुरुवात वर्गाच्या टी-शर्टपासून झाली, मग गॅदरिंग, मग शेजारच्या कॉलेजचा फेस्ट. पैसे मित्राच्या खात्यात येतात, कारण क्यूआर कोड त्याचा. महिनाअखेर चहा पिता पिता हिशेब होतो आणि उरलेले पैसे तिघांत सारखे वाटले जातात. कुठं काही लिहिलेलं नाही. लिहायचं कशाला? दोस्ती आहे ना!

जुलैमध्ये एका ढोल-ताशा पथकाची ऑर्डर येते. सरावासाठी एक हजार टी-शर्ट, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे तीन लाख. पैसे डिलिव्हरीनंतर. मित्र जोशात तिरुपूरच्या एका व्यापाऱ्याकडून हजार कोरे टी-शर्ट उधारीवर मागवतो. बिल १ लाख ६० हजारांचं. तुम्हाला विचारलेलंही नसतं. ग्रुपवर नुसता मेसेज येतो, ‘भाई, माल मागवला.’ डिलिव्हरी होते, पहिल्याच सरावात पाऊस पडतो आणि निम्म्या टी-शर्टांचा रंग उतरतो. पथक म्हणतं, एक रुपया देणार नाही. व्यापारी म्हणतो, माझे पैसे टाका. आणि मित्राला नेमकं तेव्हाच जर्मनीच्या युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर येतं.

आता सांगा, व्यापाऱ्याचे १ लाख ६० हजार कुणी द्यायचे?

गोष्ट रचलेली आहे, पण अशी वेळ कुणावरही येऊ शकते. आणि पुढं कायद्याची जी उत्तरं दिली आहेत ती अगदी खरी आहेत.

तुम्ही फर्म काढली, तुम्हाला कळलंच नाही

‘आम्ही अजून काहीच रजिस्टर केलेलं नाही, मग कायद्याचा काय संबंध?’ हा पहिला गैरसमज. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा. त्याचं कलम ४ सांगतं, की काही माणसांनी मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं ठरवलं आणि तो धंदा सगळे मिळून किंवा सगळ्यांच्या वतीनं कुणी एक जण चालवत असेल, की ती भागीदारी. करार तोंडी चालतो. वागण्यातूनही तो दिसू शकतो. नुसता नफा वाटून घेतला म्हणून कुणी आपोआप भागीदार होत नाही हे खरं, बाकीची परिस्थितीही पाहिली जाते. पण तिघांनी मिळून ऑर्डर घेतली, तिघांनी काम केलं, तिघांनी नफा सारखा वाटला आणि ग्रुपवर ‘आपला धंदा’ असं शंभर वेळा लिहिलं, तर वकिलाला फार खणावं लागत नाही.

एकदा भागीदारी झाली, की पुढचे नियम तुम्ही लिहिले नसतील तर कायदा स्वतःचे लावतो. ते जरा नीट वाचा.

नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखा सोसायचा. तुम्ही रात्रभर जागून डिझाइनं केली त्याचा वेगळा मोबदला? तसं ठरलेलं नसेल तर नाही. प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी, त्यामुळे धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी त्यानं उधारीवर माल मागवला तर ती उधारी सगळ्यांची. ‘मला विचारलं नव्हतं’ हे तुमचं मित्राशी भांडण झालं, व्यापाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आणि सगळ्यात जड कलम आहे २५ वं. फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार इतरांसोबत जबाबदार असतो आणि एकटाही जबाबदार असतो. म्हणजे मित्र जर्मनीला गेला, मैत्रिणीकडे पैसे नाहीत, तर व्यापारी सगळेच्या सगळे १ लाख ६० हजार एकट्या तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ते भरायचे आणि मग बाकीच्या दोघांकडून प्रत्येकी ५३ हजार ३३३ रुपये मागत फिरायचं. फर्ममध्ये शिल्लक नसेल तर वसुली तुमच्या स्वतःच्या खात्यापर्यंत, तुमच्या नावावरच्या गाडीपर्यंत येऊ शकते. यालाच अमर्याद जबाबदारी म्हणतात.

‘मग बाबांचं घर जाणार?’ घर बाबांच्या नावावर असेल, ते भागीदार नसतील आणि त्यांनी कुठं जामीन म्हणून सही केली नसेल, तर तुमच्या फर्मच्या देण्यासाठी त्यांच्या घराला हात लावता येत नाही. धोका येतो तो सहीतून. ‘बाबा, बँकेत फक्त एक सही हवी आहे’ हे वाक्य घरात उच्चारण्याआधी दोनदा विचार करा, तो याचसाठी.

तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही, पण तुम्हाला खेचता येतं

आता पथकाकडून यायच्या पैशांकडे वळू. निम्मे टी-शर्ट तर नीट होते, म्हणजे दीड लाख तरी मिळायला हवेत. टाका की दावा!

इथं कलम ६९ आडवं येतं. भागीदारी नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती कायदा करत नाही. पण नोंदणी नसलेली फर्म करारावरून मिळालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. उलट बाजूनं मात्र दरवाजा उघडाच. व्यापारी तुमच्यावर दावा लावू शकतो, पथकही लावू शकतं. इतकंच काय, नोंदणी नसेल तर भागीदार म्हणून मिळालेल्या करारातल्या हक्कासाठी तुम्ही आपल्याच फर्मवर किंवा आपल्याच भागीदारावरही दावा लावू शकत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी मोकळी आहे.

महाराष्ट्रात तर एके काळी तीही बंद होती. १९८४ साली राज्यानं या कायद्यात दुरुस्ती केली आणि नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेबासाठीही कोर्टात जायची मनाई केली. छोट्या आणि नव्या फर्मना थोडी सूट होती, बाकीच्यांना नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ही मनाई घटनाबाह्य ठरवली. आपलाच पैसा मागायची वाट मिळायला भागीदारांना इतकी वर्षं लागली.

दिलासा एवढाच, की नोंदणी नंतरही करता येते. आधी फर्म नोंदवायची आणि मग दावा लावायचा. पण दावा लावायच्या दिवशी फर्म नोंदलेली असायला हवी, भागीदार म्हणून नावं निबंधकांच्या रजिस्टरमध्ये हवीत आणि अशा पैशांच्या वसुलीची साधारण तीन वर्षांची मुदत टळलेली नसावी.

‘शॉप ॲक्ट काढलंय’ म्हणजे काय काढलंय?

दुसरा मोठा गैरसमज कागदांचा. मुंबईत ज्याला गुमास्ता म्हणतात आणि बाकीकडे शॉप ॲक्ट, तो कागद; उद्यम नोंदणी; जीएसटी नंबर. यातल्या एकाही कागदानं भागीदारीची नोंदणी होत नाही की कंपनी स्थापन होत नाही. धंदा कुठं चालतो, तो किती मोठा आहे, कर कोण भरणार, एवढ्यापुरते ते कागद. मालकी कुणाची, हा प्रश्न वेगळा.

आणि इथंच मैत्रिणीची गोष्ट येते. समजा शॉप ॲक्ट मित्राच्या नावानं आहे, बँक खातं त्याचं, मशीन त्याच्या आईच्या पैशांचं. उद्या वाजलं आणि तो म्हणाला, ‘धंदा माझाच होता, तू फक्त मदत करत होतीस,’ तर कागदावर तो धंदा त्याच्या एकट्याचाच दिसतो. दोन वर्षं पेज तिनं वाढवलं, पण सिद्ध तिला करावं लागणार. चॅट, हिशेबाचे फोटो, दर महिन्याला आलेले पैसे, हे सगळं जमवून. तेही नुसते स्क्रीनशॉट देऊन भागत नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि मित्राच्या आईचे ते ६० हजार? भांडवल होतं, उसने होते, की लेकाला दिलेली भेट? मशीन फर्मचं की त्यांचं? तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण विचारणं वाईट दिसलं असतं. आता विचारलं तर त्याहून वाईट दिसेल.

मालकीचे साचे

मग काय करायला हवं होतं? कायद्यानं धंद्याच्या मालकीचे काही साचे ठेवलेले आहेत. आपली टी-शर्टची गोष्ट एकेका साच्यात घालून बघू.

*एकट्याचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप.* यासाठी वेगळा स्थापनेचा कायदाच नाही. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन. नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्याच स्लॅबनं कर. सुरू करायला सगळ्यात सोपा, बंद करायलाही. पण तुम्ही आणि धंदा वेगळे नाहीत, म्हणून देणंही सगळं तुमचं. या साच्यात मित्र मालक, आणि तुम्ही दोघं त्याच्याकडे कामाचे पैसे घेणारे. तसं असेल तर चालेल, पण तसं तिघांना आधी माहीत हवं.

*भागीदारी.* हिची तोंडओळख वर झाली. लेखी करार करून, भांडवलाच्या हिशेबानं मुद्रांक शुल्क भरून ती फर्म्सच्या निबंधकांकडे नोंदवली, तर वरचे निम्मे प्रश्न पडलेच नसते. ‘२५ हजारांच्या वर उधारी करायची तर तिघांची संमती’ हे एक वाक्य करारात असतं, तर निदान मित्राला जाब तरी विचारता आला असता. व्यापाऱ्याला ही अट माहीत नसेल तर त्याचे पैसे मात्र तेव्हाही द्यावेच लागतात. अमर्याद जबाबदारी लेखी करारानंही जात नाही. आणि हो, एफवायला असलेला, १८ पूर्ण न झालेला मित्र भागीदार होऊ शकत नाही. सगळ्यांच्या संमतीनं त्याला फक्त फायद्यात वाटा देता येतो.

*एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.* कायदा २००८ चा. किमान दोन भागीदार. इथं एलएलपी ही स्वतः एक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. टी-शर्ट तिनं मागवले, देणं तिचं. भागीदाराचा धोका त्यानं द्यायचं कबूल केलेल्या रकमेपुरता. फसवणूक केली किंवा स्वतःच्या हातून चूक घडवली तर अर्थात सुटका नाही. स्थापनेनंतर ३० दिवसांत भागीदारांचा करार दाखल करायचा असतो. दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, मग धंदा होवो न होवो. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट सक्तीचं. भागीदारी फर्म असो वा एलएलपी, नफ्यावर ३० टक्के दरानं कर, तुमच्या स्लॅबचा फायदा नाही.

*प्रायव्हेट लिमिटेड कंपनी.* कायदा २०१३ चा. किमान दोन सभासद, दोन संचालक. सभासद जास्तीत जास्त २००. कंपनी म्हणजे मालकापासून वेगळी व्यक्ती, हे तत्त्व लंडनच्या आरन सालोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्कं झालं. त्याच्या कंपनीचे २० हजार ७ शेअर्स होते, त्यातले २० हजार १ त्याचे एकट्याचे आणि उरलेले सहा घरच्या सहा जणांचे. कंपनी बुडाली, तेव्हा देणेकऱ्यांच्या वतीनं म्हणणं मांडलं गेलं, की कंपनी म्हणजे सालोमनच. इंग्लंडच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं, नाही, कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. जगभरातल्या स्टार्टअपवाल्यांची झोप आजही या निकालावर टिकून आहे. गुंतवणूकदार शेअर्स घेऊन पैसे घालतात, तेही याच साच्यात.

*एकट्याची कंपनी, म्हणजे ओपीसी.* २०१३ च्याच कायद्यानं आलेली सोय. सभासद एकच. तुमचं काही बरंवाईट झालं तर पुढं कोण, त्याचं नाव मात्र आधीच द्यावं लागतं.

*बऱ्याच जणांची मालकी.* मालकी दोघातिघांपुरतीच असते असं नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढं ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाली. १९६६ मध्ये त्यांनी संस्थेची नोंदणी केली ती सोसायटी म्हणून, सोसायटी नोंदणी कायद्याखाली. पापड लाटणारी प्रत्येक जण तिथं ‘भगिनी’ आणि भगिनी म्हणजे सहमालक. आपल्याकडे साखर कारखान्यांपासून दूध संघांपर्यंत सहकारी संस्था आहेत, त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. गावातल्या पंधरा जणांना मिळून काही उभं करायचं असेल, तर प्रायव्हेट लिमिटेडच्या आधी या वाटाही बघा.

‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावलं की भारी वाटतं?

वाटतंच. व्हिजिटिंग कार्डावर ते शब्द शोभतात. पण कंपनी ही पाळायला घेतलेली गोष्ट आहे, दरवर्षी तिचं खाणंपिणं बघावं लागतं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट होतंच. ताळेबंद आणि वार्षिक विवरण दाखल करावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ३६५ गुणिले २००, म्हणजे ७३ हजार रुपये. टी-शर्टच्या धंद्यातून वर्षाला तेवढे तरी उरतात का, ते आधी बघा.

सलग तीन वर्षं हे कागद भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं असे एक लाखाहून जास्त संचालक अपात्र ठरवले आणि दोन लाखांवर कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढून टाकली. कॉलेजात मित्राच्या आग्रहाखातर ‘नावापुरता’ झालेला संचालक पुढं स्वतःची खरी कंपनी काढायला जातो, तेव्हा त्याला हे कळतं.

आणखी एक. मर्यादित जबाबदारीची ढाल बँकेसमोर बऱ्याचदा बाजूला ठेवावी लागते. नव्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली, की तेवढ्या कर्जापुरते तुम्ही पुन्हा अमर्याद जबाबदारीतच.

म्हणून सगळ्यांना चालेल असं एकच उत्तर नाही. एकटे आहात, उधारी नाही, जोखीम कमी, तर प्रोप्रायटरशिप पुरते. दोघंतिघं आहात, भांडवल थोडं, एकमेकांवर भरवसा, तर नोंदवलेली भागीदारी. उधारी मोठी किंवा काम चुकलं तर नुकसान मोठं, तर एलएलपी. बाहेरचा पैसा उभा करायचा आहे, तर कंपनी. ही ढोबळ वाटणी झाली, शेवटचा निर्णय तुमचे आकडे बघून वकील, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडून सल्ला घेऊनच करायचा.

कागदांचा माणूस

या सगळ्यात पॅरालीगल कुठं येतो?

वकिलाच्या ऑफिसात फायली सांभाळणारा कारकून पूर्वीही असायचाच. कोणता अर्ज कुठल्या खिडकीवर जातो, कुठं तिकीट लावायचं, कुठली तारीख चुकवायची नाही, हे त्याला तोंडपाठ. आजचा पॅरालीगल म्हणजे त्याच कामाची शिकलेली, लॅपटॉप घेऊन बसणारी पुढची पिढी. लॉ फर्म्स, कंपन्यांचे लीगल विभाग, बँका, सीएसची ऑफिसं, सगळीकडे ही माणसं लागतात. हुद्द्याचं नाव कुठं लीगल असिस्टंट असतं, कुठं कम्प्लायन्स एक्झिक्युटिव्ह.

तुम्ही तिघं पहिल्याच महिन्यात एखाद्या वकिलाकडे गेला असता, तर तुमच्या समोर आधी हाच माणूस बसला असता. त्यानं प्रश्न विचारले असते. पैसे कुणी किती घातले? मशीनचं बिल कुणाच्या नावावर? पेजचा पासवर्ड कुणाकडे? नाव आणि लोगो कुणाचा? कुणी सोडून गेलं तर? मग ठरलेलं नाव आधी कुणी घेतलंय का, हे त्यानं तपासलं असतं. कराराचा कच्चा मसुदा केला असता, मुद्रांक किती लागेल ते काढलं असतं, पॅन-आधारच्या प्रती, जागेचा पुरावा, फोटो गोळा करून अर्ज भरला असता. त्रुटी निघाली तर पाठपुरावा त्याचाच. आणि नोंदणीनंतर दर वर्षाच्या तारखांचं कॅलेंडर. वर हिशेब केलेले ते ७३ हजार बऱ्याचदा या कॅलेंडरमुळेच वाचतात.

तुमची गोष्ट कोर्टापर्यंत गेली असती, तर दोन वर्षांचे चॅट तारखेप्रमाणे लावणं, बिलं आणि बँक स्टेटमेंट जुळवणं, कोणत्या कागदानं कोणती गोष्ट सिद्ध होते त्याची यादी करणं, हेही त्याचंच काम. वकील युक्तिवाद करतो तो या फायलीच्या जोरावर.

पण त्याची एक रेघ आखलेली आहे. वकिली करण्याचा अधिकार ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ नुसार फक्त वकिलांना आहे. आणि वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं असं नाही, कायदेशीर मत देणं आणि दस्त तयार करणं हेही त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून पॅरालीगल मसुदा करतो तो वकिलाच्या देखरेखीखाली. ‘तुम्ही एलएलपीच करा’ असं स्वतःच्या जबाबदारीवर तो सांगत नाही. चारही साच्यांचा तक्ता तुमच्यापुढं मांडतो आणि फाइल वकिलाकडे सरकवतो. चांगला पॅरालीगल ओळखायची खूण हीच. आपलं काम कुठं संपतं, ते त्याला माहीत असतं.

‘इतक्या रुपयांत आजच कंपनी काढा’ अशा जाहिराती तुमच्या फीडमध्ये येतच असतील. तिथं अर्ज भरून मिळेलही. प्रश्न विचारणारं कुणी मिळेल का, ते बघा. दुसऱ्याच कुणाचा करार नावं बदलून तुमच्या हातात पडला, तर तुमच्या टी-शर्टच्या फर्मच्या करारात किराणा मालाची कलमं सापडतील.

हे काम तुम्हालाही जमेल

लॉला जायचं की नाही हे ठरत नसेल, किंवा कॉमर्स करून कायद्याच्या जवळ राहायचं असेल, तर या वाटेकडे बघा. भारतात पॅरालीगलसाठी वेगळा परवाना नाही. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर कंपनी सेक्रेटरीच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येते, आणि कंपन्यांच्या कागदांचं खोलवर काम करायचं असेल तर तो पूर्ण व्यवसायच आहे. लागणारे गुण मात्र डिग्रीच्या कागदावर दिसत नाहीत. बारीक अक्षर कंटाळा न करता वाचणं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत स्वच्छ लिहिणं, तारीख न विसरणं आणि लोकांची गुपितं पोटात ठेवणं.

एक फरक लक्षात ठेवा. ‘पॅरालीगल व्हॉलंटियर’ हे वेगळं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ मध्ये ही योजना आणली. हे स्वयंसेवक वस्त्यांमध्ये, गावांत लोकांना हक्कांची माहिती देतात आणि मोफत कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवतात. विद्यार्थ्यांनाही यात भाग घेता येतो. आणि आपल्या गोष्टीतल्या मैत्रिणीसाठी महत्त्वाची माहिती अशी, की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते. जिल्हा कोर्टात किंवा तालुका कोर्टात विधी सेवेचं कार्यालय शोधायचं.

आज रात्री ग्रुपवर टाका

मित्र जर्मनीला निघाला आहे. त्याला जाऊ द्या, आनंदानं जाऊ द्या. पण फर्म नोंदलेली असेल तर निघण्यापूर्वी त्याच्या निवृत्तीची माहिती निबंधकांना कळवावी लागते आणि राजपत्रात व स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. नाही दिली, तर त्याला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांसाठी तो पुढंही भागीदारच राहतो, म्युनिकमध्ये बसून. ‘अमुक हे आजपासून फर्मचे भागीदार राहिलेले नाहीत’ अशा बारीक अक्षरातल्या नोटिसा आपण पानं उलटताना ओलांडून जातो. त्यातली प्रत्येक नोटीस म्हणजे वेळीच नीट घातलेली एकेक गाठ असते.

आणि तुमचा धंदा अजून रंग उतरण्याच्या आधीच्या टप्प्यात असेल, तर आज रात्री ग्रुपवर सहा प्रश्न टाका. कुणी किती पैसे घातले आणि ते भांडवल की उसने? नफा-तोटा कसा वाटायचा? किती रकमेच्या वरच्या खर्चाला सगळ्यांची संमती? नाव, पेज आणि मशीन कुणाचं? कामाचा वेगळा मोबदला कुणाला? कुणाला सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि हिशेब कसा करायचा?

उत्तरं वहीच्या एका पानावर लिहा, तारीख घाला, तिघांनी सह्या करा. तो पुरेसा करार नाही, पण वकिलाकडे जाताना हातात हे पान असलं तर अर्धं काम झालेलं असतं. या सहा प्रश्नांवरूनच भांडण झालं तरी होऊ द्या. ६० हजारांचं मशीन गॅलरीत असताना झालेलं भांडण मिटतं. १ लाख ६० हजारांचं बिल थकल्यावर झालेलं सहसा मिटत नाही.